तरुणांच्या हातातील यंत्र आणि त्यांच्या भोवतीची माणसे

मुलांनी मोबाइल किती तास पाहावा, या एका प्रश्नाने गेल्या दहा वर्षांत आपल्या घरांतील, शाळांतील आणि वर्तमानपत्रांतील चर्चा इतकी व्यापून टाकली आहे की, त्यापलीकडे आणखी काही विचारण्यासारखे आहे याचे भानच उरू नये. तास मोजता येतात म्हणून ते मोजले जातात. पालक मोजतात, वैद्य मोजतात, आणि आता खुद्द यंत्रही आठवड्याच्या अखेरीस त्यांचा हिशेब वापरणाऱ्यापुढे ठेवते. परंतु सोळा वर्षांचा एखादा मुलगा चार तास फोनवर होता, एवढ्या नोंदीवरून तो त्या वेळात ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांशी बोलत होता, त्रिकोणमितीचे न सुटलेले उदाहरण समजून घेत होता, कोणा अनोळखी माणसाच्या धमकीने भेदरून बसला होता, की नुसताच वेळ घालवीत होता, याचा काहीएक उलगडा होत नाही. तरुणांचे मैत्र, त्यांचे शिक्षण आणि त्यांचे स्वत्व यांवर या माध्यमांचा परिणाम कसा होतो याविषयी आजवर जे लिहिले, तपासले आणि ठरविले गेले त्याचा आढावा घेताना माझी अशी खात्री होत गेली की, तासांपेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक आहेत: ते यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, आणि ते वापरताना त्या मुलाच्या किंवा मुलीच्या सोबतीला कोण आहे.

हे यंत्र आपल्याकडे कोणत्या वेगाने आले ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर खेड्यांत जेमतेम १५ टक्के. तत्पूर्वी ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा रीतसर सुरू झाली होती, पहिले काही महिने ती विनामूल्य होती, आणि त्या चढाओढीत इतर कंपन्यांनाही आपले दर उतरविणे भाग पडले. मुंबईच्या वस्त्यांतून ज्या ‘प्रथम’ संस्थेच्या कार्याला आरंभ झाला, तिच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. चारच वर्षांत, २०२२ मध्ये, ते प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवर गेले. पाश्चात्त्य देशांत आधी भिंतीवरचा दूरध्वनी, मग मेजावरचा संगणक, मग घरातील सामाईक इंटरनेट आणि सर्वांत शेवटी खिशातील फोन असा क्रम लागला, आणि प्रत्येक पायरीवर आईबापांना काही वर्षे सरावाला मिळाली. आपल्या बहुसंख्य घरांत पहिला संगणक, पहिला कॅमेरा आणि कित्येकदा पहिला ग्रंथसंग्रह हे सारे एकाच वस्तूच्या रूपाने एकाच दिवशी दारात आले, आणि ती वस्तू चालवावी कशी हे वडीलधाऱ्यांनी मुलांना शिकविण्याऐवजी मुलांनी वडीलधाऱ्यांना शिकविले. गॅसची नोंदणी, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा निरोप हे सारे ज्या घरात नववीतील मुलगी वडिलांना वाचून दाखविते, त्या घरात तिच्यावर देखरेख कोणी ठेवायची, हा प्रश्न इतर देशांतील ग्रंथांत फारसा आढळत नाही. आपल्याकडे मात्र तो सर्वांत आधी विचारावा लागतो.

संशोधकांमध्ये या विषयावर तीव्र मतभेद आहेत, आणि ते मुळातून समजून घेण्याजोगे आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगे यांनी २०१७ मध्ये, आणि त्यांच्यामागून जोनाथन हाइट यांनी २०२४ मध्ये, असा पक्ष मांडला की साधारण २०१२ नंतर तरुणांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, जे औदासीन्य आणि जी चिंता वाढलेली दिसते तिचे प्रमुख कारण स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे हेच आहे. उलट पक्षी एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका येथील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्का फरक या वापराशी जोडता येतो, असा निष्कर्ष निघाला. आणि कँडिस ऑजर्स यांनी हाइट यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना, दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा जुनाच पण मूलभूत आक्षेप पुन्हा ठामपणे नोंदविला. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. परंतु लाखो मुलांची सरासरी काढली की ज्या मुलीला या माध्यमाने जगण्याचा आधार दिला आणि जिला त्याने उद्ध्वस्त केले, त्या दोघींचे अनुभव एकमेकांना छेदून शून्याजवळ येतात, आणि धोरण ठरविणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. शिवाय हा बहुतेक सारा पुरावा अशा समाजांतून आलेला आहे, जेथे मुलाला स्वतःची खोली असते, त्या खोलीला दार असते, आणि फोन त्याचा एकट्याचा असतो. तो पुरावा जसाच्या तसा उचलून लातूरच्या किंवा नंदुरबारच्या घराला लावणे मला उचित वाटत नाही.

येथे मालकीचा प्रश्न पुढे येतो. ‘असर’ने २०२३ साली १४ ते १८ या वयोगटाकडे लक्ष वळविले, आणि २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत ३४ हजारांहून अधिक ग्रामीण तरुण-तरुणींची पाहणी केली. जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तितक्याच मोठ्या संख्येला तो वापरताही येत होता. परंतु वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के असताना मुलींचे केवळ २० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे वापराची मुभा जवळपास समान, आणि मालकी निम्म्याहूनही कमी. या एका तफावतीत तरुण मुलींच्या जीवनाचा केवढा तपशील दडलेला आहे! भावाच्या फोनवरून अभ्यासाचा व्हिडिओ पाहावयाचा तर भावाची सवड पाहावी लागते. मैत्रिणीशी झालेले बोलणे रात्री वडिलांच्या हाती फोन जाण्यापूर्वी पुसून टाकावे लागते. वर्गमित्राचा क्रमांक एखाद्या मुलीच्या नावाने साठवावा लागतो, आणि या साऱ्यात गैर काहीच नसले तरी लपविण्याची सवय मात्र अंगी मुरते. अशी मुलगी अडचणीत सापडली, कोणी तिच्या छायाचित्राचा दुरुपयोग केला, तर तिला पहिली भीती त्या गुन्हेगाराची वाटत नाही. घरात हे कळले तर फोन, आणि फोनबरोबर कदाचित महाविद्यालयही, बंद होईल याची वाटते. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि बालकांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक शासनाने दिले आहेत. परंतु ते लावण्यासाठी लागणारा फोनच ज्याच्या ताब्यात आहे त्याला वगळून ते लावता येत नाहीत. या बाजूने आपल्याकडील संशोधन फार थोडे झाले आहे, आणि जे झाले आहे त्याची दखल शिक्षणखात्यात घेतली गेल्याचे दिसत नाही.

मैत्रीचा विचारही याच मार्गाने करावा लागतो. शेरी टर्कल यांनी २०११ साली ‘अलोन टुगेदर’ या ग्रंथात अशी तक्रार मांडली की, तरुण एकत्र बसूनही एकेकटे असतात, कारण प्रत्येकाचे चित्त हातातील पडद्यात गुंतलेले असते. ही तक्रार खोटी नव्हे. कोणत्याही एसटी स्थानकावर तिची प्रचिती येते. पण डॅना बॉइड यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील किशोरवयीनांशी दीर्घ संवाद साधून जे निरीक्षण नोंदविले ते मला अधिक मर्मग्राही वाटते: मुले पडद्याकडे वळली ती पडद्याच्या मोहाने तितकी नव्हे, जितकी एकमेकांच्या ओढीने, कारण जेथे त्यांनी सहज भेटावे अशा जागा मोठ्यांनीच त्यांच्यासाठी एकेक करून बंद केल्या होत्या. आपल्याकडे तर या निरीक्षणाला फार जुना आधार आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या ग्रंथात मुंबईसारख्या शहरातही स्त्रीला निष्कारण, केवळ आनंदासाठी रस्त्यावर रेंगाळण्याचा अधिकार नसतो, तिला बाहेर असण्याचे कारण सतत दाखवावे लागते, हे साधार सिद्ध केले आहे. मुलगा पारावर, टपरीवर, क्रिकेटच्या मैदानावर बसतो, आणि त्याला कोणी कैफियत विचारीत नाही. मुलगी क्लासहून घरी किती मिनिटांत पोहोचली याचा हिशेब ठेवला जातो. अशा मुलींसाठी वर्गातील सहा-सात जणींचा एक छोटा गट, त्यातील आवाजी निरोप, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या गप्पा, हाच त्यांचा पार असतो, आणि तोही काढून घेतला तर त्यांच्या हाती कोणतीही मोकळी जागा उरत नाही. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचे शाळेतील मैत्र पूर्वी एकदोन वर्षांत विरून जात असे. आज ते टिकते, आणि एका संपूर्ण पिढीच्या स्त्रियांना मैत्रिणी टिकविता येऊ लागल्या, ही गोष्ट सामाजिक इतिहासात नोंदविण्याइतकी मोठी आहे असे मला वाटते.

तरी या मैत्रीवर एक नवे ओझे येऊन पडले आहे. पूर्वी रुसवा दोघांमध्ये राही. आता तो दिसतो आणि मोजला जातो. निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही, वाढदिवसाला इतर सर्वांनी स्टेटस ठेवले आणि नेमके एकीने ठेवले नाही, सहलीचा गट निघाला आणि त्यात आपले नाव नाही, या गोष्टी प्रौढांना क्षुल्लक वाटतात, कारण प्रौढांची प्रतिष्ठा इतरत्र सुरक्षित असते. पंधराव्या वर्षी ती सुरक्षित नसते. म्हणून अनेक तरुण इन्स्टाग्रामवर दोन खाती ठेवतात: एक सर्वांसाठी, ज्यात काका, मामा, शिक्षक आणि भावी सासरची मंडळीही असू शकतात, आणि दुसरे निवडक दहाबारा जणांसाठी, जेथे न सजविलेला चेहरा दाखविता येतो. या दुसऱ्या खात्याकडे वडीलधारे संशयाने पाहतात. मला मात्र त्यात मर्यादेची जाण दिसते. कोणापुढे किती उघड व्हावे हे ठरविण्याचा विवेक ज्याला त्याला कधीतरी शिकावाच लागतो, आणि ही मुले तो आपापल्या परीने, कोणी न शिकविता, शिकत आहेत.

शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र आपल्याला प्रत्यक्ष आणि अत्यंत महागडा पुरावा मिळाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेखाली पाठ, दुवे आणि स्वाध्याय पालकांच्या फोनवर येऊ लागले. त्या काळात सोबतीवाचून यंत्र काय करू शकते आणि यंत्रावाचून सोबत काय करू शकते, या दोहोंची परीक्षा एकाच वेळी झाली. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीला नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी उभारून, भर पावसात, तिथे बसून तास ऐकावे लागले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकातून धडे ऐकविले गेले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, आणि ज्या घरांत फोन नव्हता पण दूरचित्रवाणी होती तेथपर्यंत ती पोहोचली. सोलापुरातील नीलमनगर या कामगारांच्या वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगविले, म्हणजे गल्लीतून जाता-येता मुलांना शब्द, गणिते, आकृत्या दिसाव्यात, आणि मुख्य म्हणजे त्या भिंतीपाशी थांबलेल्या मुलाला शिक्षकाने ओळखावे, हाक मारावी, विचारपूस करावी. या उपायांपैकी जे टिकले आणि ज्यांनी काही साधले त्यांच्यामागे कोणी ना कोणी शिक्षक पायी फिरत होता. जेथे केवळ दुवा पाठवून जबाबदारी संपली तेथे मूल दोन वर्षे शाळेबाहेरच राहिले, मग घरी फोन असो वा नसो. युनेस्कोच्या २०२३ सालच्या जागतिक शिक्षण-आढाव्यात तंत्रज्ञानाविषयी विचारलेला प्रश्नही हाच होता की, हे साधन कोणाच्या अटींवर वापरले जाते.

परितेवाडीचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. सोलापूर जिल्ह्यातील त्या छोट्या गावातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, आणि दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकाचा निम्मा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला. वृत्तपत्रांनी गाजविली ती पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडची कल्पना. बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड छापले गेले आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचामुळे ती पद्धत देशभर गेली. पण त्याआधीचा भाग कमी सांगितला गेला. गोठ्यालगतच्या पडक्या शाळेत रुजू झालेला एक शिक्षक घरोघर फिरला, मुले कोणत्या भाषेत विचार करतात ते त्याने पाहिले, पाठ त्यांच्या मातृभाषेत उतरविले, आणि मग त्या कोडमागे काय ठेवायचे ते ठरविले. आज लाखो पुस्तकांवर तो चौकोन छापलेला आहे. त्यामागे काय आहे हे पाहण्यासाठी मुलाच्या हाती फोन द्यायला आणि पाहून झाल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलायला घरी कोणी आहे का, यावर त्याचे मोल ठरते.

‘असर’च्या त्याच २०२३ च्या पाहणीत काही आकडे शेजारीशेजारी उभे आहेत आणि ते मला अस्वस्थ करतात. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात समाजमाध्यमे वापरलेल्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. शिक्षणाशी संबंधित काही कामासाठी फोन वापरलेले सुमारे दोन-तृतीयांश होते. आणि याच वयोगटातील जवळजवळ एक-चतुर्थांश तरुणांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या प्रादेशिक भाषेत अस्खलित वाचता येत नव्हता. व्हिडिओ शोधणे आणि तो पुढे पाठविणे बहुतेकांना उत्तम जमत होते. नकाशा पाहून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे काढणे एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक तरुणांनाच जमले. याचा अर्थ मुले आळशी आहेत असा नव्हे. जे कौशल्य मित्रमंडळीत रोज लागते ते त्यांनी आपसांत शिकून घेतले, आणि जे कोणी बसून शिकवायला हवे होते ते राहून गेले. नोव्हेंबर २०२२ नंतर आलेल्या, विचारताच निबंध लिहून देणाऱ्या यंत्रांविषयीही तूर्त एवढेच म्हणता येईल की, ज्याला वाचता येते त्याला ती साहाय्य करतील आणि ज्याला वाचता येत नाही त्याचे न येणे ती झाकून टाकतील.

स्पर्धापरीक्षांच्या जगात या दोन्ही बाजू एकत्र पाहायला मिळतात. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी लागणारे जवळपास सारे साहित्य आज यूट्यूबवर आणि टेलिग्रामच्या गटांत विनामूल्य किंवा अल्प मोलाने उपलब्ध आहे. गडचिरोलीतील किंवा किनवटमधील तरुणाला जे टिपण मिळविण्यासाठी पूर्वी पुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहावे लागे ते त्याला रात्री शेतातल्या घरात मिळते. ही समता खरी आहे, आणि तिला कमी लेखणाऱ्याने टंचाईचे दिवस पाहिलेले नसावेत. असे असूनही सदाशिव पेठेतील आणि नवी पेठेतील अभ्यासिका ओस पडलेल्या नाहीत. कॉटबेसिसवर राहणारे, मेसच्या डब्यावर भागविणारे हजारो तरुण आईवडिलांचे पैसे खर्चून तेथे येतातच, कारण व्याख्यान फोनवर मिळते, परंतु शेजारच्या खुर्चीवर रात्री अकरापर्यंत बसलेला सोबती, चहाच्या टपरीवर उत्तरपत्रिकेवरून होणारा वाद, आणि यंदा नापास झालेल्याला गावी परत जाऊ न देणारा मित्र हे फोनवर मिळत नाहीत.

स्वत्वाविषयी बोलताना मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या विवेचनाचा आधार घेण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. त्यांच्या मते कोणताही सुज्ञ समाज आपल्या तरुणांना काही काळाची मुदत देतो. त्या मुदतीत तरुणाने निरनिराळ्या भूमिका घेऊन पाहाव्यात, काही टाकाव्यात, काही चुकाव्यात, आणि त्या चुकांचे भोग आयुष्यभर त्याच्या माथी मारले जाऊ नयेत. आमच्या पिढीत कोणी एक वर्ष कवी झाला, एक वर्ष क्रांतिकारक झाला आणि अखेर विमा कार्यालयात स्थिरावला, तर त्याच्या त्या दोन वर्षांचा दस्तऐवज कोठेही उरला नाही. आजच्या तरुणाची प्रत्येक भूमिका तारीखवार नोंदली जाते, तिची नक्कल इतरांच्या फोनमध्ये राहते, आणि नोकरी देणारा, सोयरीक पाहणारा किंवा वैरी तो दप्तर केव्हाही उघडू शकतो. एरिक्सनने सांगितलेली मुदतच आपण काढून घेतली आहे, आणि या विषयातील सर्वांत गंभीर हानी मी हीच समजतो.

आणि तरीही याच ठिकाणी सर्वांत मोठा लाभही झालेला आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. अहिराणी, मालवणी, आगरी, वऱ्हाडी या बोलींमध्ये बोलणाऱ्या मुलाला शाळेने पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध ठरविले. वर्गात हसे होऊ नये म्हणून त्याने आपली घरची भाषा उंबरठ्यावर ठेवून यायची, असा अलिखित दंडकच होता. गेल्या दहा वर्षांत खानदेशातील तरुणांनी स्वतः लिहिलेली, स्वतः गायिलेली, शेतात आणि गल्लीत चित्रित केलेली अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली, आणि लग्नाच्या वरातीत ती पुण्या-मुंबईतही वाजू लागली. कोळी आणि आगरी गीतांची परंपरा रायगड-ठाण्याच्या नव्या गायकांनी तिथेच नव्याने उभी केली. पालघर-डहाणूकडील ‘आदिवासी युवा शक्ती’सारखा उपक्रम तर शहरांत विखुरलेल्या सुशिक्षित आदिवासी तरुणांच्या आपसांतील इंटरनेटवरील संपर्कातून वाढीस लागला. ज्या प्रकाशनसंस्था, ज्या आकाशवाण्या, ज्या चित्रसंस्था शहरात होत्या आणि ज्यांच्या दारात या मुलांना प्रवेश नव्हता, त्यांची परवानगी आता लागत नाही. आपल्या बोलीत बोलल्याने टाळ्या मिळतात हा अनुभव ज्या मुलाने एकदा घेतला, त्याला प्रमाण मराठी शिकताना आता लाज वाटत नाही; ती तो आपखुशीने दुसरी भाषा म्हणून शिकतो. हे काम कोणत्याही परिषदेच्या ठरावाने झाले नव्हते.

परंतु ही सारी उभारणी परक्याच्या जमिनीवर आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाच्या हुकुमाने टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्या मंचावर लोकप्रिय झालेल्या असंख्य खेड्यांतील तरुणांचा श्रोतृवर्ग, त्यांची ओळख आणि काहींची कमाई एका रात्रीत नाहीशी झाली. बंदीची राजकीय कारणे काहीही असोत, आपले म्हणून जे नाव त्यांनी कमावले ते कोणाच्या तरी मर्जीवर उभे होते, हे त्यांना त्या दिवशी कळले. आणि मर्जी तरी कशाची? कोणते चित्र कोणापुढे आणावे हे ठरविणारी गणिती योजना मुलाचे भले पाहत नाही. तो आणखी किती वेळ थांबेल, एवढेच ती पाहते, कारण त्या वेळेचीच विक्री जाहिरातदारांना होते. सौम्य बोलणाऱ्यापेक्षा त्वेषाने बोलणारा अधिक पाहिला जातो, म्हणून आपल्या जातीचा, धर्माचा, गावाचा अभिमान हळूहळू इतरांना डिवचण्याचे रूप घेतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव पेटला, दगडफेक झाली आणि इंटरनेट सेवा बंद करावी लागली. शाहू महाराजांच्या नगरीत हे घडले याचे दुःख ज्यांना ते शहर ठाऊक आहे त्यांना अधिक जाणवले. चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे एक चित्र, आणि त्यापायी तरुणांवर दाखल झालेले गुन्हे मात्र वर्षानुवर्षे चालणारे. त्या वयात कोणी वडीलधाऱ्याने, दटावून नव्हे तर खांद्यावर हात ठेवून, हे पाठविण्यापूर्वी रात्रभर थांब एवढे सांगितले असते तर किती घरे वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

उपायांचा आढावा मी थोडक्यात घेतो, कारण बहुतेक उपाय अजून कागदावर आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मज्जाव केला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा-संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. ही दुसरी तरतूद मला मोलाची वाटते, कारण ती रोखते ते कंपनीला, मुलाला नव्हे. पहिल्या तरतुदीविषयी मात्र मी साशंक आहे. ज्या घरात संमतीचा संकेतांक वडिलांच्या फोनवर येतो आणि तो वाचून दाखवितो मुलगाच, तेथे ती संमती नावापुरती राहते. आणि ज्या घरात मुलीच्या फोनला मुळातच विरोध आहे, तेथे तोच कायदा तिच्या वाचनाला, अभ्यासाला आणि मैत्रीला कुलूप लावण्याचे साधन बनू शकतो.

आपल्या राज्यात २०२२ साली दोन गावांनी आपापला मार्ग शोधला, आणि त्यांतील फरक बोलका आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल-वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे मात्र ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, आणि तेव्हापासून साडेआठपर्यंत मुलांनी फोन तर मोठ्यांनी दूरचित्रवाणी आणि फोन दोन्ही बंद ठेवायचे, असे गावाने ठरविले. मुलांनी त्या वेळात अभ्यास करावा, मोठ्यांनी त्यांच्याजवळ बसावे किंवा शेजाऱ्यांशी बोलावे. ते होते की नाही हे पाहण्यासाठी गावातील माणसे वॉर्डावॉर्डांतून फिरत. बान्सीच्या ठरावात मोठ्यांना काहीच सोडावे लागत नव्हते. वडगावात नियम सर्वांना सारखा होता, म्हणून तो मुलांना अन्याय वाटला नाही, आणि म्हणूनच शासनाच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्या भोंग्याकडे मी अधिक आदराने पाहतो.

तथापि दीड तासाची शांतता ही निम्मी तजवीज झाली. उरलेल्या वेळात हे यंत्र चांगल्या सोबतीत वापरण्याची जागा मुलांना कोठे मिळणार, हे ठरविणे बाकी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे महाराष्ट्रात हजारो शासनमान्य ग्रंथालये गावोगाव उभी आहेत. इतके दाट जाळे फार थोड्या राज्यांत आहे. वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो, आणि २००३ पासून मराठी विकिपीडियाही चालू आहे, पण गावच्या वाचनालयात ते उघडून दाखविणारे कोणी नसते. प्रत्येक तालुक्यातील काही ग्रंथालयांत चार-चार संगणक, सायंकाळी सात ते नऊ मुलींना निर्धास्तपणे येता येईल अशी व्यवस्था, आणि या कामासाठी शिकविलेला एक ग्रंथपाल, एवढे झाले तर भावाच्या फोनची वाट पाहणाऱ्या मुलीला स्वतःच्या नावाचे खाते आणि स्वतःची खुर्ची मिळेल. आज या ग्रंथालयांतील सेवकांना अनुदानातून जे वेतन मिळते ते इतके तुटपुंजे आहे की, अनेक ठिकाणी ग्रंथपाल दिवसा दुसरी नोकरी करून सायंकाळी कुलूप उघडतो. वेतनश्रेणीसाठी त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत. संगणकाच्या खरेदीचा निधी मिळविणे सोपे असते, त्यासमोर बसणाऱ्या माणसाच्या पगाराचा निधी मिळविणे अवघड. राज्याच्या पुढील अंदाजपत्रकात या दोहोंचा क्रम बदलावा, अशी माझी मागणी आहे.